कोरडवाहू जलचर

ज्या गावाच्या देवीचे नाव मत्स्योदरी, ज्या टेकडीवर तिचे ठाणे आहे त्या टेकडीचा आकारच मुळी माशासारखा असल्याचे जेथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते, आणि असे असूनही चैत्र लागला की घागर घेऊन निघालेल्या माणसास जेथे मासा तर दूरच, माशापुरतेदेखील पाणी सहसा दिसत नाही, त्या अंबड गावी प्राथमिक शाळेतील मुलांना ‘जलचर प्राणी’ हा पाठ छत्तीस वर्षे शिकविण्याचा योग माझ्या वाट्यास आला. माझ्या सेवापुस्तकात रजा, वेतनवाढी आणि एक लेखी समज यांची तारीखवार नोंद आहे. परंतु हा पाठ मी छत्तीस वेळा शिकविला आणि त्यातील निदान तीस वेळा मुलांकडून तो मलाच शिकावा लागला, ही गोष्ट कोणत्याही रकान्यात बसत नसल्यामुळे ती येथे नमूद करीत आहे.

मत्स्योदरी या शब्दाचा विग्रह कसा करावा, देवी माशाच्या उदरात आहे की मत्स्य देवीच्या उदरात, याविषयी आमच्या शिक्षक-खोलीत मधल्या सुटीत वाद होत असे व तो घंटेमुळे अनिर्णित राही. काशी क्षेत्री याच नावाचे एक तीर्थ होते, म्हणजे तेथे या नावाने पाणी ओळखले जाई. आमच्याकडे त्याच नावाने खडक ओळखला जातो. तोही साधासुधा खडक नव्हे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर पसरलेल्या तप्त लाव्ह्याचा तो काळा पाषाण असल्यामुळे या माशाचा जन्म पाण्यात झाला नसून आगीत झाला आहे, असे भूगोलाचे पुस्तक म्हणते. अंबरीष नावाचा राजा राज्यकारभारास कंटाळून या टेकडीवर येऊन राहिला व त्याच्या नावावरून गावाचे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. पूर्वी कारभारास कंटाळलेली माणसे अंबडला स्वखुशीने येत. माझ्या काळी ती बदलीच्या हुकमाने येत, एवढाच काय तो फरक.

मी १९७२ च्या पावसाळ्यात, म्हणजे जो पावसाळा केवळ पंचांगात झाला त्या पावसाळ्यात, तिसरीच्या वर्गावर रुजू झालो. अंबड तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते. जालना हा जिल्हा व्हावयास १ मे १९८१ उजाडावा लागला. आमचे मुख्याध्यापक निजामी अमलात शिकलेले असल्यामुळे त्यांच्या बोलण्यात उर्दूचा दरबारी डौल असे, आणि जलचर या शब्दाने त्यांचे समाधान होत नसल्यामुळे ते ‘दर्याई जानवर’ म्हणत. दर्या आमच्यापासून चारशे किलोमीटरांच्या घरात, आणि पायथ्याच्या गावासह ती माशाची टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर. पाठ्यपुस्तके पुण्याहून येत. बालभारतीस तेव्हा अवघी पाच वर्षे झाली होती, आणि ज्यांनी पाठांचा क्रम लावला त्यांनी जलचरांचा पाठ नेमका अशा बेताने घातला होता की तो आमच्याकडे शिकवावयाची वेळ येई तेव्हा विहिरीत पोहरा आपटल्याचा आवाज ऐकू यावा. माझ्या अधिकाराविषयी म्हणावे, तर माझ्या गळ्यात तुळशीची माळ. घरात पिढीजात वारी. मासा मी खाल्ला नव्हता, शिवला नव्हता, आणि चित्राखेरीज धडपणे पाहिलाही नव्हता. खात्यास याचे काहीच वाटले नाही, आणि खरे सांगावयाचे तर मलाही वाटले नाही. कारण मी गणितात अपूर्णांक शिकवीत असे आणि तेही मी कधी प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर व्याख्या लिहिली: जे प्राणी पाण्यात राहतात व ज्यांचे जीवन पाण्यावर अवलंबून असते त्यांना जलचर म्हणतात. ही व्याख्या माझीच होती आणि तिचा मला थोडासा अभिमानही होता. सहामाही परीक्षेत ‘तीन जलचरांची नावे लिहा’ या प्रश्नास एका मुलाने उत्तर लिहिले, ‘मासा, बेडूक, मोसंबी’. त्यास बोलावून कैफियत विचारली, तेव्हा तो म्हणाला, “आमची बाग पानी तुटलं तवा जळाली, गुरुजी.” मी व्याख्या पुन्हा वाचून पाहिली. मोसंबी प्राणी नाही, हा एकच मुद्दा माझ्या बाजूस उरला होता, आणि त्या वर्षी दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बापाच्या त्या मुलापुढे तो मुद्दा मांडण्याचे धैर्य मला झाले नाही. मी अर्धा गुण दिला. तो कोणत्या नियमाखाली दिला, याचा खुलासा वरिष्ठांनी मागितला नाही हे माझे नशीब.

वरिष्ठ आले ते पुढे दोन-तीन वर्षांनी, तपासणीस. साहेबांनी खुर्चीवर बसता बसता प्रश्न केला, “पाण्यात राहणाऱ्या एका जिवाचे नाव सांगा पाहू.” पहिल्या रांगेतील मुलांना मी मासा, मगर, कासव, खेकडा अशी नावे वाटून दिली होती; परंतु साहेबांचे बोट गेले शेवटच्या रांगेकडे, जेथपर्यंत माझी व्यवस्था पोचली नव्हती. तेथील मुलगा उभा राहिला आणि ठणठणीत आवाजात म्हणाला, “नारू.” साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी खिडकीकडे पाहिले. मुलाने तेवढ्यात विजारीचा पाय गुडघ्यापर्यंत वर करून पोटरीवरचा व्रण दाखविला आणि, आईने तो धागा काडीस गुंडाळून रोज थोडा थोडा कसा बाहेर काढला, याचे साद्यंत वर्णन केले. ते साहेबांनी मान वळवून ऐकले. उत्तर शास्त्रदृष्ट्या खोटे नव्हते: पायऱ्यांच्या बारवेत उतरून माणूस पाणी भरतो, त्याच्या पायातील जंत पाण्यात अळ्या सोडतो, त्या अळ्या डोळ्यांस जेमतेम दिसणाऱ्या जलपिसूच्या पोटात जातात आणि न गाळलेल्या पाण्याबरोबर ती पिसू दुसऱ्या माणसाच्या पोटात जाते. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, पाणी फडक्यातून गाळून पिणे असे साधे उपाय करीत करीत या देशातून नारू इतका समूळ नाहीसा झाला की २००० साली भारत नारूमुक्त असल्याचा दाखला मिळाला. परंतु त्या दिवशी तो आमच्या वर्गात हजर होता. साहेबांनी शेऱ्याच्या वहीत ‘मुलांस परिसराचे ज्ञान चांगले आहे’ असे लिहिले आणि चहाचे पाणी गाळलेले आहे ना, याची शिपायाकडे दोनदा चौकशी केली.

शाळेत जलचरांचा एक रंगीत तक्ता होता. त्याच्या वरच्या व खालच्या पट्ट्या शाबूत होत्या. मधला भाग घड्यांवर उसवलेला असल्यामुळे कासवाचे डोके व धड यांमध्ये बोटभर पांढरे आकाश दिसे. या तक्त्याचा मोठा दोष निराळाच होता. चित्रकाराने कागदाची जागा सर्व प्राण्यांना समान न्यायाने वाटून दिली असल्यामुळे देवमासा आणि झिंगा हे दोघे एकाच मापाचे झाले होते, आणि मुलांची अशी प्रामाणिक समजूत झाली होती की दोघे समोरासमोर आल्यास कुस्ती बरोबरीत सुटेल. तेव्हा मी विहिरीचा दोर मागविला. विहीर आटल्यापासून तो रिकामाच होता. निळा देवमासा शंभर फुटांपर्यंत वाढू शकतो, म्हणून शंभर फूट दोर मोजला, एका मुलास त्याचे एक टोक घेऊन वर्गाच्या फळ्याशी उभे केले, हे देवमाशाचे तोंड, आणि बाकीचा वर्ग दुसरे टोक ओढीत निघाला. देवमासा वर्गातून पडवीत, पडवीतून अंगणात, अंगणातून फाटकाबाहेर आणि रस्ता ओलांडून समोरच्या एका कचेरीच्या आवारात गेला. तेथील शिपायाने शेपटी अडविली. “कोणाच्या हुकमानं दोरी आणली आत?” त्याने दरडावून विचारले. शेपटी धरलेली मुलगी न डगमगता म्हणाली, “दोरी न्हाई, देवमासा हाये.” शिपाई क्षणभर विचारात पडला, आणि बहुधा नावातील देव शब्दामुळे असेल, त्याने पायांतील वहाणा काढून बाजूस ठेवल्या.

वर्गात परतल्यावर मी मोठ्या उत्साहाने सांगितले की हा एवढा थोरला प्राणी मासाच नव्हे. तो आपल्यासारखा फुप्फुसाने श्वास घेतो आणि त्याची मादी पिलांस दूध पाजते. वर्गात नाराजी पसरली. इतका वेळ भर उन्हात ज्यास माशाच्या नावाने ओढीत नेले तो ऐनवेळी मासा नसल्याचे निष्पन्न व्हावे, ही त्यांना फसवणूक वाटली. तारामासा हाही मासा नव्हे हे सांगण्याचे मी पुढच्या आठवड्यावर टाकले. म्हैस दिवसभर डबक्यात बसते तेव्हा ती जलचर की भूचर, हा प्रश्न दरसाल येतो व दरसाल ‘उद्या पाहू’ असे म्हणून तहकूब होतो. त्यात नवीन काही नाही.

माझ्या ज्ञानाचा खरा पंचनामा झाला तो मात्र मरळ माशाच्या बाबतीत. मासा पाण्याबाहेर काढला की मरतो, हे विधान मी वर्षानुवर्षे इतक्या निःशंकपणे करीत आलो होतो की सूर्य पूर्वेस उगवतो हे सांगतानाही तितकी खात्री वाटत नसे. एका वर्षी गोदाकाठच्या एका गावाहून आमच्याकडे राहावयास आलेला, भोई घरातला एक मुलगा वर्गात होता. तो उठून म्हणाला, “मरळ न्हाई मरत, गुरुजी.” मी समजुतीच्या स्वरात सांगितले की सर्व मासे मरतात. तो म्हणाला, “रातच्याला बापानं वल्या पोत्यात घालून ठिवला व्हता. सकाळी पोत्यातून उडी मारून न्हाणीत गेला.” वर्ग हसला. माझा अधिकार पणास लागला आहे असे मला वाटले, आणि असे वाटले की शिक्षक जे करतो तेच मी केले: त्यास कोंबडा करून उभे केले. जलचराच्या वादात मी त्या मुलास खेचर केले, ही कोटी मला त्या वेळी सुचली व आवडलीही, हे आज सांगावयास शरम वाटते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासास त्याचा बाप वर्गाच्या दारात उभा. खांद्यावर ओले पोते. मी मनात बचावाचा मसुदा जुळवू लागलो. परंतु तो नम्रपणे म्हणाला, “म्या भांडाय न्हाई आलो गुरुजी. फकस्त दाखवाया आलो.” आणि दाखवावयाचे कोठे, तर वर्गात सपाट अशी जागा एकच असल्यामुळे त्याने पोते माझ्या मेजावर, हजेरीपटाच्या शेजारी, उपडे केले. हातभर लांबीचा, काळसर, सापासारख्या चपट्या डोक्याचा मासा मेजावर आला आणि माझ्याकडे पाहू लागला. मी गळ्यातील माळ सदऱ्याच्या आत सारली. का, ते ठाऊक नाही. मासा मधूनमधून तोंड उघडी, मिटी, आणि जागच्या जागी अंग वळवी. तास पस्तीस मिनिटांचा होता. मुले बाकांवर चढली होती, आणि मी आयुष्यात प्रथमच एक संपूर्ण तास एकही शब्द न बोलता शिकविला. घंटा झाली तेव्हा मासा जिवंत होता. त्याच्या कल्ल्यांच्या वरच्या अंगास हवेतला श्वास घेण्याची स्वतंत्र सोय असते, त्यामुळे अंग ओले राहिले की तो पाण्याबाहेर दीर्घकाळ तग धरतो, हे मला पुढे ग्रंथांत सापडले. पण जाता जाता त्या गृहस्थाने जे सांगितले ते अधिक विलक्षण होते. “ह्याला पान्यात दाबून धरलं, वर तोंड काढू दिलं न्हाई, तर मरतो बघा.” हेही खरे निघाले. ज्या माशास हवेचा घोट घेतल्यावाचून चालत नाही आणि म्हणून जो पाण्यात गुदमरू शकतो, त्याचा समावेश करण्याइतकी माझी व्याख्या सैल नव्हती. त्याने मासा पुन्हा पोत्यात घातला व राम राम करून तो निघून गेला. हजेरीपटावर ओला डाग उमटला होता. मुख्याध्यापकांनी विचारले तेव्हा मी ‘पाणी सांडल्यामुळे’ असा शेरा मारला. त्या वर्षी शाळेत सांडण्याइतके पाणी नव्हते, हे त्यांनी उदारपणे लक्षात घेतले नाही.

या अनुभवाने शहाणे होऊन मी ठरविले की मासा वर्गातच ठेवावा व मग काय ते बोलावे. संधी हिवताप-निर्मूलनाच्या कर्मचाऱ्याने आणून दिली. डासांच्या अळ्या खाण्यासाठी बारवांत व हौदांत गप्पी मासे सोडीत तो गावोगाव फिरत असे. सरकारी कामावर नेमलेला, ठरावीक हौदावर नेमणूक मिळालेला आणि कामाबद्दल पगार न मागणारा दुसरा प्राणी माझ्या पाहण्यात नाही. त्याने आम्हांस सहा मासे दिले. घरून लोणच्याची मोठी काचेची बरणी आणली. ती मी तीन वेळा घासली व सौभाग्यवतीने दोन वेळा, तरी तिचे झाकण उघडले की वर्गात हिंग-मोहरीचा मंद दरवळ सुटे आणि मधल्या सुटीची वेळ झाल्याचा भास होई. गप्पी हे नाव गप्पा मारण्यावरून पडले, यावर वर्गाचे एकमत होते, आणि मुले बरणीस कान लावून बसत. वास्तविक त्रिनिदाद बेटावरील रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी नावाच्या गृहस्थांनी पाठविलेल्या नमुन्यांवरून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १८६६ साली त्या माशास त्यांचे नाव देण्यात आले. हे मी सांगितले. पण मुलांना पहिली व्युत्पत्तीच अधिक सयुक्तिक वाटली.

सहांपैकी दोन थोराड, करड्या रंगाचे. चार लहानखुरे आणि शेपटीवर नारिंगी-निळे ठिपके असलेले. रंगीत त्या बायका, असे मुलींनी ठरविले. पण वस्तुस्थिती उलट आहे, नटणारे ते नर. बरणीची हजेरी रोज घेण्याचे काम एका चिमुरड्या, पण फार काटेकोर मुलीकडे होते; ती पाटीवर सहा रेघा ओढी. मासे अंडी घालतात, हे वाक्य मी त्या आठवड्यात दोनदा लिहून दिले होते. सोमवारी सकाळी ती मुलगी धापा टाकीत आली: “गुरुजी, इस झाले!” मी जाऊन पाहिले. बरणीच्या तळाशी, हिरव्या शेवाळाच्या आडोशास, डोळे तेवढे दिसावेत अशी चौदा बारीक पिले तरंगत होती. “अंडी कुठायत?” एकाने विचारले. मीही तीच शोधत होतो. तक्त्यावर होती, वहीत होती, बरणीत नव्हती. गप्पीची मादी अंडी पोटातच उबवून जिवंत पिले बाहेर सोडते, हे ज्ञान मला त्या क्षणी नव्हते. होते ते फक्त चौतीस मुलांच्या वहीत माझ्याच अक्षरात तपासलेले एक खोटे वाक्य.

मंगळवारी त्या मुलीने पाटीवर पंधरा रेघा ओढल्या. बुधवारी बारा. तिने मला बाजूस घेऊन हलक्या आवाजात विचारले की बारकी पोरे कोण नेते. मी तिला घेऊन बरणीपाशी बसलो, आणि आम्हां दोघांच्या देखत थोराड मादीने सावकाश वळून आपलेच एक पिलू गिळले. मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने पाटीवरील एक रेघ थुंकी लावून पुसली आणि विचारले, “तिला जेवाय कमी पडतं का?” भूक असो वा नसो, हा मासा स्वतःची पिले खातोच, आणि पिलांस लपावयास पाणवनस्पती नसल्या तर त्यांतले थोडेच उरतात, तथापि तिला मी एवढेच म्हणालो की आपण पिले दुसऱ्या भांड्यात काढू. वर्गातील पिण्याच्या पाण्याचा तांब्या त्या कामी लागला व दोन दिवस सर्वांनी तहान आवरली. पाच पिले जगली. ती आम्ही मिरवणुकीने नेऊन, अहिल्याबाई होळकरांचे नाव सांगतात त्या बारवेत सोडली. त्या साली तिच्यात पाणी होते.

पुढे वर्गणी जमवून आम्ही मुलांना मुंबईस नेले. रात्रभर एस.टी.त अवघडून निघालेल्या चाळीस मुलांना १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचांपुढे उभे केले, तेव्हा माझी कल्पना होती की ती रंग पाहून हरखून जातील. ती हरखली, पण भलत्याच गोष्टीने. एक मुलगी काचेस नाक लावून उभी होती. तिच्यासमोर पिवळ्याधमक माशांचा थवा जात होता. ती म्हणाली, “गुरुजी, एवढं पानी रोज कोन भरतं?” त्यासरशी साऱ्या वर्गाचे लक्ष माशांवरून उडून पाण्यावर गेले. एका टाकीत किती हंडे मावत असतील, याचे अंदाज सुरू झाले. ज्यांना मी गुणाकार शिकवून थकलो असतो, ती मुले लांबी-रुंदी-उंचीचा हिशोब हवेत बोटे नाचवीत करू लागली, आणि चाळीस हंडे की साठ, यावरून दोघांची जुंपली. तेथील पहारेकरी हसत होता. अष्टपादास तीन हृदये असतात हे माझे विधान कोणी ऐकलेही नाही.

संध्याकाळी चौपाटीवर गेलो तो ओहोटी. पाणी दूरवर मागे हटलेले, ओली वाळू उघडी पडलेली. पहिल्यांदाच समुद्र पाहणारा एक मुलगा कमरेवर हात ठेवून, आमच्याकडे गावतळ्याच्या काठी थोरली माणसे उभी राहतात तसा उभा राहिला आणि सुस्कारा टाकून म्हणाला, “हाबी आटाय लागला.” मी सांगितले, “आटला नाही रे. थोड्या वेळाने भरती येईल.” मागून एकाने विचारले, “कोन्त्या खात्यात?” त्याचा थोरला भाऊ दोन वर्षे पोलीस भरतीच्या तयारीत होता. मी चंद्र, त्याचे आकर्षण इत्यादी सांगू लागलो. तोवर मुलींपैकी एकीने जाऊन आपली पाण्याची बाटली समुद्रात बुडवून भरून आणली. ते खारट आहे, पिता येत नाही, असे मी म्हणालो. ती म्हणाली, “ठाव हाये. पन रिकामी बाटली घरी नेली तर आई कावती.” ते पाणी अंबडपर्यंत आले.

असो. माझा नातू आता चौथीत आहे. २०२३ साली पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून घोषित झाल्याचे त्यास सामान्यज्ञानाच्या स्पर्धेसाठी पाठ करावे लागले, आणि पापलेट म्हणजे काय हे आमच्या माळकरी घरात कोणासच सांगता न आल्यामुळे प्रकरण माझ्याकडे वर्ग झाले. चपटा, रुपेरी, समुद्रातला, किनाऱ्यावरच्या लोकांचा आवडता, एवढे मी सांगितले. तो म्हणाला, “ते राज्याचं झालं. मग आपला मासा कोणता, आजोबा?” या प्रश्नाचे उत्तर मला एकदा मिळालेले आहे, ते सांगून थांबतो.

मरळ माझ्या मेजावर आला त्याच वर्षी, नवरात्राची गर्दी ओसरल्यावर, मी वर्ग घेऊन मत्स्योदरीच्या टेकडीवर गेलो. पायऱ्या चढून, दर्शन घेऊन, प्रसादाचे खोबरे वाटून झाल्यावर मुले माशाची मागणी करू लागली. कारण वर येईपर्यंत मी त्यांना टेकडी माशासारखी आहे, माशासारखी आहे असे घोळवून सांगितले होते, आणि वर पोचल्यावर तेथे माशासारखे काहीच दिसेना; दिसत होते देऊळ, नारळाच्या शेंड्या, आणि खाली उन्हात तापलेले गाव. “मासा कुठाय?” “आपण त्याच्या पाठीवर उभे आहोत.” “मग डोकं कुन्या बाजूला?” मी अंदाजाने एक दिशा दाखविली. अर्ध्या वर्गाने ती शेपटी ठरविली. दोन्ही पक्ष आपापल्या टोकास जाऊन पाहणी करून आले. निकाल लागला नाही. मग ज्या मुलीकडे वर्गातील मडके भरण्याचे काम होते, ती खालच्या कोरड्या ओढ्याकडे बोट करून म्हणाली, “गुरुजी, इथं पानी न्हाई. एवढा मोठा मासा एवढी वर्सं पान्याबाहेर कसा काय जगला?”

मी लाव्हारसाच्या गोष्टीस प्रारंभ करणार होतो. तेवढ्यात, ज्यास मी पंधरवड्यापूर्वी कोंबडा केले होते तो मुलगा खोबऱ्याचा तुकडा चघळीत, टेकडीकडे वरपासून खालपर्यंत जाणकार नजरेने पाहत होता, तो म्हणाला, “मरळ असंल.”